अंगठा

म्हैसूरच्या विजयनगरात, पाण्याच्या टाकीपलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिथं नाचणी दळायला टाकून कमलिनी बाकावर बसली होती आणि शेजारी बसलेल्या सुमाला त्या लहानशा देशाची गोष्ट सांगत होती. सुमा गल्लीत नवी होती. तिचा मुलगा परदेशी नोकरीला लागला होता, पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार होती, म्हणून तिला सगळं ऐकायचं होतं: थंडी किती असते, विमानात पाय सुजतात का, तिथं दिवसभर करायचं काय. गेल्या दोन वर्षांत कमलिनीनं ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली होती की कुठं थांबायचं आणि कुठं हसायचं हेसुद्धा तिला पाठ झालं होतं. मुलगी सहना राहते ते लक्झेंबर्ग म्हणजे केवढा देश, तर इथून निघून पिरियापट्टणला पोचायच्या आधी त्याची रुंदी संपते. बस फुकट, आगगाडी फुकट. कुणी तिकीट विचारत नाही. कुणी काहीच विचारत नाही. आणि मग, गिरणीच्या पट्ट्याच्या फडफडाटावर आवाज चढवून तिनं गोष्टीचा शेवटचा भाग सांगितला, जो ती कधीच वगळत नसे. ज्या दिवशी हे गेले त्याच दिवशी ती तिथला मोठा किल्ला पाहत होती. तिथून तिनं फोटो पाठवले. यांनी ते सगळे पाहिले, अंगठासुद्धा पाठवला. "जाण्याआधी किल्ला बघून गेले," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी का होईना."

दाराशी कृष्णमूर्ती गव्हाची पिशवी घेऊन उभे होते. कमलिनीच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. कारखान्यातून निवृत्त झालेला, हळू बोलणारा माणूस, तो आणि बायको जयलक्ष्मी, दोघंच. ही गोष्ट त्यांनी तिच्या तोंडून पुष्कळदा ऐकली होती आणि दर वेळी अंगठ्यापाशी येताच ते मान हलवून दुसरीकडे बघत. आज त्यांनी मान हलवली नाही. ते तिच्याकडेच बघत राहिले, आणि एकदम ओरडले. ओरडावंच लागलं, कारण त्या आवाजात साधं बोललेलं ऐकू जात नव्हतं.

"अक्का, तो अंगठा मी दाबला."

गिरणीवाल्यानं बटण बंद केलं. पट्टा दोनतीनदा फरफरून थांबला.

"काय म्हणालात?"

"मेष्ट्रू तेव्हा नव्हते, अक्का." सगळी गल्ली कमलिनीच्या नवऱ्याला, प्राणेशना, मेष्ट्रूच म्हणायची, शाळेतून निवृत्त झाल्यावरही. "सकाळीच गेले होते ते. दुधाची पिशवी गेटला तशीच लटकत होती म्हणून मी आत गेलो. सहनाला तेव्हाच फोन केला. दुपारी मेष्ट्रूंच्या फोनवर तुमचे फोटो आले तेव्हा पुन्हा केला, तर तीच म्हणाली, उत्तर गेलं नाही तर अम्मा घाबरेल, एकटी आहे, काहीतरी पाठवा अंकल. मला कुठं ते येतंय. जयलक्ष्मीनं दाखवलं कुठं दाबायचं ते." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही दर वेळी हे सांगता आणि मी दर वेळी ऐकतो. आता होत नाही माझ्याच्यानं."

सुमा पदराच्या टोकाकडे बघत होती. गिरणीवाल्यानं पिठाचा डबा पुढे सरकवला. कमलिनीनं तो उचलला आणि बाहेर पडली.

पीठ गरम होतं. पत्र्यातून त्याची धग पोटाला लागत होती आणि तिला पहिला राग त्या डब्याचाच आला. मग उन्हाचा, मग फूटपाथवर आडव्या लावलेल्या स्कूटरचा, मग 'अक्का, ऊन फार आहे' म्हणणाऱ्या इस्त्रीवाल्याचा. तिला कुणाचा तरी राग धरायचा होता आणि तो एका जागी बसत नव्हता. सकाळीच गेले होते. इथली सकाळ म्हणजे तिथली पहाट. म्हणजे ती सहनाच्या घरात, पाहुण्यांच्या खोलीत, त्या जाड पांढऱ्या रजईखाली पाय पसरून झोपली होती तेव्हाच ती विधवा झाली होती आणि तिच्याखेरीज सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. तिला सांगितलं होतं रात्री. किल्ला पाहून ती परत आली, हातपाय धुतले, तेव्हा सहनानं तिला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाली, आत्ता फोन आला अम्मा, अप्पा गेले. आत्ता. तारीख तीच होती, तिथी तीच होती, म्हणून कधी शंका यायचं कारणच पडलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ लिहिलेली असेल; तो दाखला श्रीहरीनं, यांच्या पुतण्यानं, परस्पर हाताळला. श्रीहरीलाही माहीत होतं तर. अग्नी त्यानंच दिला. त्याला माहीत होतं, जयलक्ष्मीला माहीत होतं, पाणी भरायला येणाऱ्या बाईला माहीत होतं. तेरा दिवस ती माणसं तिच्या घरात उठली, बसली, जेवली, तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, झोपेत गेले, पुण्यवान. आणि ती त्यांना सांगत राहिली, अहो, दुपारपर्यंत चांगले होते, मला अंगठा पाठवला ना. आणि सगळ्यांनी माना हलवल्या. एकजात सगळ्यांनी. त्यांच्या त्या मऊ नजरा तिला आता एकेक करून आठवल्या आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दया करत होती ती माणसं. खुळ्या पोरीचं खेळणं काढून घेऊ नये म्हणून मोठी माणसं गप्प बसतात तशी.

घरी येऊन तिनं डबा ओट्यावर आदळला. झाकण उडालं, पीठ सांडलं. ते तसंच सोडून ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली. तिची सगळी नोकरी म्हैसूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ट्रंक कॉलचा तो जमाना. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जाळं, इकडची पिन तिकडच्या भोकात. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि सगळ्यांवर लायटनिंग, लगोलग जोडायचा. तो बहुतेक मयताचाच असायचा. ती नवी असताना कमलाक्षी नावाची सीनियर बाई तिच्यामागे उभी राहून शिकवायची. एकदा पिरियापट्टणच्या तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या घरून, तो गेल्याचा, मुलासाठी निरोप आला आणि कमलिनीला समजेना की जोडावं कसं. पोरगा परीक्षेला बसलेला, उद्या शेवटचा पेपर, घरचेच चाचरत होते की आज सांगावं की उद्या. ती कमलाक्षीकडे बघू लागली. कमलाक्षीनं तिचा हात धरून पिन आत खुपसली. निरोप आपला नसतो, ती म्हणाली, ज्याचा आहे त्याच्याकडे जाऊ दे. लाइन खराब होती, पोराला ऐकू येईना, शेवटी कमलिनीलाच मध्ये पडून, अनोळखी पोराच्या कानात मोठ्यानं सांगावं लागलं की तुमचे वडील वारले. त्या रात्री घरी येऊन ती जेवली नव्हती. पण त्यानंतर इतक्या वर्षांत तिनं एकही निरोप अडवला नाही, उशिरानं दिला नाही, सौम्य करून सांगितला नाही. आणि तिच्या पोटच्या मुलीनं तिच्या नवऱ्याचं मरण दिवसभर खिशात घालून ठेवलं. किल्ला बघून ये म्हणाली. डबा भरून दिला.

डबा. तो दिवस आता तिच्यापुढे उलटा उलगडत होता, शिवण उसवल्यासारखा. सहना त्या दिवशी तिच्याआधी उठली होती, एरवी कधी उठायची नाही. ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि नळ चालू होता. पाणी वाया जातंय, कमलिनी म्हणाली. सहना हो म्हणाली, पण नळ बंद करायला तिला वेळ लागला. मग तिनं चपात्या आणि लिंबाचं लोणचं डब्यात भरलं, बाटली भरली, म्हणाली, आज ऊन छान आहे, किल्ला आजच बघून घे अम्मा. आजच. हा शब्द तेव्हा तिला खटकला नव्हता, कारण ते घर शब्दांचं नव्हतंच. जावई सुदीप त्या आठवड्यात दुसऱ्या देशात कामाला गेला होता. असला तरी तो कानात बोंडं घालून भिंतीशी बोलायचा. सहना सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची. जेवताना लॅपटॉप उघडा असायचा. आणि रोज एकच प्रश्न, गृहपाठ तपासल्यासारखा: अम्मा, आज काय काय पाहिलंस. आज पूल पाहिला. आज काचेची लिफ्ट पाहिली. आज त्या गावात गेले जिथून तीन देश दिसतात. छान, सहना म्हणायची, आणि पडद्याकडे वळायची. महिनाभर कमलिनी तो देश या टोकापासून त्या टोकापर्यंत फुकटच्या बसमधून हिंडली. बस वेळेवर यायची, वेळेवर सुटायची, आत माणसं एकेका बाकावर एकेकटी बसलेली असायची, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून. तिच्याशी रोज बोलायचा तो फक्त पुढच्या थांब्याचं नाव सांगणारा आवाज. एकदा एका बागेत एक म्हातारी बाकावर होती. तिनं कमलिनीसाठी पिशवी उचलून मांडीवर घेतली तेव्हा कमलिनीला इतका आनंद झाला की तिनं कुत्र्याचं नाव विचारलं, मुलांची चौकशी केली, इंग्रजीत, मग हातवाऱ्यांनी. म्हातारी हसली, मान डोलावली आणि दोघी कितीतरी वेळ समोरच्या पाण्याकडे बघत गप्प बसल्या. जन्मभर परक्या माणसांना एकमेकांशी जोडून दिलेल्या बाईला त्या आख्ख्या देशात जोडून द्यायला कुणी नव्हतं. आणि प्राणेश इथं, या खुर्चीत बसून, तिच्या फोटोंची वाट बघत होते.

ते आले नव्हते. नकाशावर बोट ठेवलं तर तो देश बोटाखाली झाकून जातो, ते म्हणाले, एवढ्याशा देशाला दोघं कशाला. खरी गोष्ट अशी होती की त्यांना विमानाची भीती वाटायची आणि ते ती कबूल करत नसत. तू बघ, मी तुझे फोटो बघतो. आणि खरंच, फोटो पोचला की इकडून उत्तर यायचं. एका बोटानं, अक्षर अक्षर शोधून लिहिलेलं, पूर्णविरामासकट. पुलाच्या कमानी किती, ते मोज. पाणी कुठून आणत, विचार. तुझा स्वेटर उलटा आहे. अंगठा त्यांनी कधीच कुणाला पाठवला नव्हता. श्रीहरी त्यांना उठसूट अंगठे पाठवायचा तर ते चिडायचे: पालकांचे अंगठे सुटावेत म्हणून शाळेत चाळीस वर्षं घासली, आणि हे शिकलेले लोक पुन्हा अंगठाबहाद्दर झाले. हे तिला माहीत होतं. त्या दिवशी किल्ल्याच्या भिंतीला टेकून तिनं तो पिवळा अंगठा पाहिला तेव्हाही माहीत होतं. एक क्षण तिचं मन अडखळलंही होतं. मग तिनं ते पुढे ढकललं, कारण तिला तो अंगठा हवा होता.

इथं येऊन तिचा राग थांबला, आणि थांबला म्हणून जास्तच पेटला. आदल्या रात्री त्यांचं भांडण झालं होतं. भांडण तरी कसलं. ते म्हणाले, किती दिवस राहणार, सारसुद्धा माझं मलाच करावं लागतं. ती म्हणाली, मग करा. आणि फोन ठेवला. त्यांच्या तोंडचं शेवटचं वाक्य साराबद्दलचं होतं आणि तिचं शेवटचं वाक्य 'मग करा' हे होतं. दुसऱ्या दिवशी ती किल्ल्याकडे वर नेणाऱ्या, तारेवरच्या उघड्या खुर्चीत बसली. पायांखालून नदी गेली, मग घरांची काळी छपरं, मग झाडांचे शेंडे, आणि वाऱ्यानं तिचा पदर उडाला तेव्हा तिला वाटलं, हे बरोबर नाहीत तेच बरं. असते तर गुडघे दुखतात म्हणाले असते, तिकीट केवढ्याला म्हणाले असते, किल्ला कुठल्या शतकातला म्हणाले असते. ती मोठ्यानं हसली होती. मला एकटीला जमतंय, तिला वाटलं होतं. मी अशी राहू शकेन. तोच फोटो तिनं पाठवला, हसतानाचा. आणि अंगठा आला. म्हणजे राग गेला, चालतंय, हस तू. दोन वर्षं ती त्या अंगठ्यावर जगली. कुठलाही विचार रात्री वर आला की ती फोन उघडून तो बघायची आणि पुन्हा पडायची. आणि तो कृष्णमूर्तींचा अंगठा होता. आतल्या खोलीत यांचं अंग गार पडलेलं, हॉलमध्ये जयलक्ष्मी चष्मा लावून दाखवतेय, हे इथं दाबा, आणि पडद्यावर ती, नदीच्या वर, तोंड उघडं टाकून हसतेय. सगळ्यांनी तिला तसं हसताना पाहिलं असेल. फक्त ज्यानं बघायचं त्यानं पाहिलं नाही.

फोन वाजला. सहनाची जेवणाची सुट्टी. रोज याच वेळेला ती करायची, जेवलीस का, गोळी घेतलीस का, आणि बरं, सरी अम्मा, बाय. कमलिनी वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिली. तो थांबला, पुन्हा वाजला. पुन्हा. तिनं तो उशीखाली नेऊन ठेवला आणि ओट्यावरचं सांडलेलं पीठ हातानं गोळा करू लागली. पीठ बोटांतून गळत होतं, आणि उशीखाली तो घुमतच होता. घुमू दे. एक दिवस तिलाही कळू दे उत्तर न आल्यावर काय होतं ते. मग तो गप्प झाला. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज मोठा वाटू लागला.

गेट वाजलं. कृष्णमूर्ती बाहेर उभे होते, आत न येता. हात लांब करून त्यांनी स्वतःचा फोन पुढे धरला होता, विस्तव धरल्यासारखा.

"सहना आहे," ते म्हणाले. "तुम्ही उचलत नाही म्हणून मला केला. अम्मा बरी आहे का, बघून या म्हणाली."

"तुम्ही बरे सापडता तिला दर वेळी."

"अक्का, माझं चुकलं असेल..."

"चुकलंच. दोन वर्षं चुकलं." ती पायऱ्या उतरून गेटपाशी आली. "ते गेले तेव्हा कसे होते? पलंगावर होते की खाली?"

कृष्णमूर्तींनी फोनवर हात ठेवला. "खुर्चीवर. हॉलमध्ये. टीव्ही चालू होता, आवाज बंद. सुम्ने, नुसते बसल्यासारखे दिसले. मी दोनदा मेष्ट्रू म्हटलं."

म्हणजे झोपेतसुद्धा नाही. पुण्यवान म्हणे. "द्या तो फोन," ती म्हणाली. "आणि तुम्ही जा घरी. मी आणून देईन."

ते गेले. ती पायरीवर बसली. पडद्यावर सहनाचं नाव होतं आणि त्याखाली सेकंद पुढे पळत होते.

"अम्मा? काय झालं? का उचलला नाहीस? मी किती घाबरले, येन आयितु, काय झालं अम्माला म्हणून."

"काही झालं नाही. जिवंत आहे. अंगठा पाठवू का?"

पलीकडे कुठंतरी दार मिटलं, ताटल्यांचा आवाज तुटला. सहना उठून बाहेर आली असावी.

"अंकलनी सांगितलं," सहना म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"तू सांगायला हवं होतंस. तू. माझा नवरा होता तो. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. आणि तू मला डबा दिलास, किल्ला बघायला पाठवलंस, आणि इथं यांच्या मेलेल्या हातून मला निरोप पाठवलास. कोण लागून गेलीस तू? कुणी दिला तुला अधिकार?"

"विमान दुसऱ्या दिवशीच होतं, अम्मा. काही केलं तरी त्याच्याआधी नव्हतं. मी सगळं बघितलं. तू त्या फ्लॅटमध्ये दिवसभर काय केलं असतंस? तिथं कुणी नाही, तुझं माणूस नाही, कुणी घरात येऊन बसणार नाही. मला वाटलं, एक दिवस तरी. एक दिवस तू..."

"मी काय? मजा करावी?"

"हो," सहना म्हणाली. मग घाईनं, "म्हणजे तसं नाही, हागल्ल अम्मा. मला मराठीत नीट बोलायला येत नाही."

"कन्नडात बोल. कुठल्याही भाषेत बोल. खोटं कुठल्याही भाषेत कळतं मला."

"मी खोटं..." सहना थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, वाऱ्यासारखा. "मी आले होते अम्मा."

"कुठं?"

"किल्ल्याला. तू गेलीस आणि मी ऑफिसला गेले, मीटिंगमध्ये बसले, कोण काय बोलतंय कळेना. उठले आणि स्टेशनवर आले. तू ज्या गाडीनं गेलीस त्याच मार्गावरची नंतरची गाडी, तीच बस. सांगायलाच आले होते. सगळं रस्ताभर म्हणून बघत होते, कसं म्हणायचं. खाली गावात नदीवर पूल आहे ना, तिथं आले आणि वर बघितलं तर तू. खुर्चीत. आधी तुझे पाय दिसले. मोजे घातलेले आणि वर चपला. मग तू दिसलीस. हसत होतीस. मी तुला तशी कधी बघितलीच नव्हती, लहानपणीसुद्धा नाही. तू खाली बघून हात हलवलास. मला नाही, पुलावर जे होते त्या सगळ्यांना. मीसुद्धा हलवला."

कमलिनीला आठवलं. खाली माणसं मुंग्यांएवढी होती. त्यांतल्या कुणीतरी हात वर केला होता, आणि तिला वाटलं होतं, महिन्याभरात या देशानं एकदा तरी ओळख दिली.

"मग हाक का नाही मारलीस?"

"मातेच बरलिल्ल." शब्दच आले नाहीत. सहनाचा आवाज आता लहान झाला होता, शाळेतून पडून आल्यावर व्हायचा तसा. "तू वर निघून गेलीस. मी पुलावर बसले. तू खाली येशील तेव्हा सांगेन म्हणून बसले. तू चालत दुसऱ्या वाटेनं उतरलीस वाटतं. मग अंकलचा फोन आला, फोटो आलेत, काय करू. मी म्हटलं, काहीतरी पाठवा. तिथंच बसून म्हटलं. सुदीप नव्हता. कुणाला सांगणार होते मी. एक बाई आली, तिनं मला विचारलं, मी तिचा फोटो काढून देईन का. मी काढला."

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, कर्ण्यातून टोमॅटो, वांगी, कोथिंबीर असं ओरडत. तिचा राग कुठंही गेला नव्हता. तो तिच्या छातीत होता तसाच होता, फक्त आता त्याच्याजवळ आणखी कुणीतरी बसलं होतं. एका पुलावर एक मुलगी, बापाचं मरण घेऊन, परक्या बाईचा फोटो काढत. तिच्या डोक्यावरून आई हसत जातेय. दोघी एका देशात, एका गावात, एकमेकींना दिसतील इतक्या जवळ. एवढासा देश. त्यातही दोन माणसांना एकमेकांना गाठता आलं नाही.

"माझा राग गेला नाही," ती म्हणाली. "जाणारही नाही इतक्यात. समजलीस ना?"

"हो."

"पण आता सांग."

"काय सांगू, अम्मा?"

"जे सांगायला आली होतीस ते. रात्री सोफ्यावर सांगितलंस ते नको, ते खोटं होतं. पुलावरून जे सांगणार होतीस ते. मी ऐकते आहे."

पलीकडे सहना नाक पुसत असावी. मग तिनं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबली. कमलिनीनं तिला मदत केली नाही.

"अम्मा," सहना म्हणाली, "अप्पा गेले."

कमलिनीनं कठड्याला हात लावला.

"कधी?"

"सकाळी. तू झोपली होतीस तेव्हा."

आणि मग कमलिनी, पायरीवर बसूनच, भर दुपारी, इतक्या मोठ्यानं रडली की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. कृष्णमूर्तींचा फोन तिनं कानाशी घट्ट धरून ठेवला होता. पलीकडे सहना रडत होती आणि दोघींतली एकही फोन ठेवत नव्हती.